बिनपार्टिशनचा पेनड्राइव्ह

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. नागपूरच्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवतात, आणि सुट्टीत सासुरवाडीला, म्हणजे आमच्याकडे दिग्रसला आले की इथेही शिकवतात. कॉलेजातल्या मुलांना निदान हजेरीसाठी तरी बसावं लागतं. आम्हाला बसावं लागतं ते केवळ जावई म्हणून. जावयाचं ताट आधी वाढायचं, जावयाला उन्हात उभं ठेवायचं नाही, आणि जावई बोलत असताना उठून जायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज. पहिल्या दोन गोष्टी मी आनंदाने करते.

भाऊजी लिनक्स वापरतात. त्यात वाईट काही नाही, आमच्या शाळेतही दोन-चार कॉम्प्युटरवर तेच आहे. पण भाऊजींच्या लेखी विंडोज वापरणारा माणूस म्हणजे अंगठेबहाद्दर. मी शाळेत गणित शिकवते आणि विंडोजवर प्रश्नपत्रिका टाइप करते, हे कळल्या दिवसापासून ते माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं.

तर या भाऊजींचा पेनड्राइव्हमधल्या पार्टिशन टेबलवर राग. पार्टिशन टेबल म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता चांगलंच माहीत आहे, म्हणून आधी सांगून टाकते. पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला एक इवलीशी जागा राखून ठेवलेली असते. आत किती भाग आहेत आणि कोणता भाग कुठून सुरू होतो, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. बाजारातल्या पेनड्राइव्हमध्ये बहुतेक एकच भाग असतो, पण त्या एकाचीही नोंद तिथे असते. ती नोंद पुसून सबंध पेनड्राइव्ह एकसंध फॉरमॅट केला, तरी कॉम्प्युटर चालवून घेतो. सरळ आत शिरून फाइली शोधतो. पण ट्रॅक्टरचा टेप, टीव्ही, स्पीकर असल्या साध्या यंत्रांपैकी कित्येकांना ते जमत नाही. ती आधी नोंद बघतात, आणि नोंद नसली की आत काहीच नाही असं समजून गप्प बसतात.

भाऊजींचं म्हणणं, एकच भाग असेल तर नोंद हवीच कशाला?

"एका खोलीचं घर आहे. मग दारावर नकाशा कशाला लटकवायचा?" असं ते म्हणायचे, आणि सगळ्यांकडे बघून हसायचे. कोणी हसलं नाही की पुन्हा म्हणायचे.

दर दिवाळीला ते घरातले सगळे पेनड्राइव्ह गोळा करत. चहा पीत पीत काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करत आणि ते 'स्वच्छ' करून परत देत. बाबांचा पेनड्राइव्ह असाच स्वच्छ झाला. बाबांच्या ट्रॅक्टरला टेप आहे. वावरात जाताना आणि सोयाबीन काढून आणताना त्यावर भजनं लावायची, हा त्यांचा एकमेव शौक. दिवाळी झाली आणि ट्रॅक्टर मुका झाला. भाऊजींनी भजनं परत भरून दिली होती, पण टेपला ती दिसेनात. मी विचारलं, "बाबा, टेप काहून बंद हाय?"

"खराब झाला असन."

"मंग दुरुस्त करून आणा ना."

बाबांनी इकडे तिकडे बघितलं. भाऊजी नागपूरला परत जाऊन पंधरवडा झाला होता, तरी बघितलं. "टेप नाई वो खराब. जवाईबुवानं थे पेनड्राइव्ह केला ना, तवापासून वाजून नाई राह्यला. पण त्यायनं इतक्या हौसेनं करून देलं. आता त्यायले मी काय म्हणू?"

म्हणजे हा साठी उलटलेला कास्तकार, बाजार समितीत व्यापाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून कापसाचा भाव करणारा, जावयाला वाईट वाटू नये म्हणून पंधरवडाभर गुपचूप ट्रॅक्टर हाकत होता. मी बसस्टँडजवळच्या दुकानातून नवा पेनड्राइव्ह आणून त्यात भजनं भरून दिली आणि ट्रॅक्टर गाऊ लागला. पुढच्या दिवाळीला भाऊजी यायच्या आदल्या दिवशी बाबांनी तो काढून बंडीच्या आतल्या खिशात लपवला. भाऊजींनी विचारलं, "काय बाबा, गाणी कशी चाललीत?" बाबा म्हणाले, "एक नंबर."

असं आम्हीच त्यांना वाढवून ठेवलं होतं. शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर मालिकेचे भाग लागेनात, काकू चुप. चुलतभावाच्या गाडीतली गाणी गेली, चुलतभाऊ चुप. सगळे नवे पेनड्राइव्ह घ्यायचे आणि भाऊजींना म्हणायचे, मस्त चालते. यात ताईही आलीच. ती तर चोवीस तास त्यांच्याजवळ.

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी पुसदची. लग्न पुसदला त्यांच्या दारी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिग्रसच्या मंगल कार्यालयात आमच्याकडून स्वागत समारंभ. समारंभात मोठी एलईडी स्क्रीन लावायची आणि तिच्यावर नवरा-नवरीचा लहानपणापासूनचा व्हिडिओ दाखवायचा, असं ठरलं. व्हिडिओ भाऊजी करणार. म्हणजे फोटो ताईने जमवले. आमच्या पत्र्याच्या पेटीतून काढले, नवरीच्या आईकडून मागून आणले, मावशांना फोन करून करून मागवले. कोणता आधी, कोणता मग, कुठे कोणतं गाणं, तेही तिनेच बसवलं. भाऊजींनी ते लॅपटॉपवर जोडलं, आणि शेवटी मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव टाकलं. ताईचं नाव कुठे आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तिला त्यातलं काही कळत नाही."

स्क्रीनवाला पुसदचा होता. घरचं मोटार गॅरेज. बाप आणि भाऊ ट्रॅक्टरची इंजिनं खोलतात. याला ग्रीसचा कंटाळा, म्हणून तो कॅमेरे आणि स्क्रीनच्या धंद्यात शिरलेला. मोठा बोलका आणि तितकाच गबाळा. लॅपटॉप आणला नव्हता, तो दुसऱ्या लग्नात अडकलेला होता. त्याच्याजवळ स्क्रीनचा एक बॉक्स होता. त्यात पेनड्राइव्ह घातला की स्क्रीनवर दिसायचं, इतकं साधं काम. त्याचा स्वतःचा पेनड्राइव्ह त्यात लावलेला होता. फुलांच्या पाकळ्या पडताहेत, दोन हंस पोहताहेत, असलं काहीबाही त्यावरून स्क्रीनवर सुरू होतं. पाहुणे खुर्च्यांवर बसून हंस बघत होते.

भाऊजी नव्या कोटात आले आणि त्यांनी आपला पेनड्राइव्ह दिला. त्याने हंस काढून तो लावला. स्क्रीन काळी.

"साहेब, याच्यात तं काहीच नाई दिसून राह्यलं."

"नीट लाव."

त्याने काढून पुसून पुन्हा लावला. "नाई साहेब. खाली दाखवते."

"रिकामा नाही तो. तुझ्या बॉक्सला वाचता येत नाही."

"माहा तं वाचते ना साहेब," तो म्हणाला, आणि आपला पेनड्राइव्ह परत घालून दाखवला. हंस पोहू लागले. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

इथे दोन मिनिटांचं काम होतं. स्क्रीनवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओ भरायचा आणि लावायचा. ताई तेच म्हणाली, "याच्या पेनड्राइव्हमधी टाका ना आपला व्हिडिओ. चालते तं हाय थो."

भाऊजींनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिने वरातीच्या घोड्यावर बसायची परवानगी मागितली होती. "प्रश्न व्हिडिओचा नाही. प्रश्न चुकीच्या पद्धतीचा आहे. याच्या ड्राइव्हमध्ये नक्कीच पार्टिशन टेबल असणार."

"असन साहेब," स्क्रीनवाला म्हणाला, "दुकानदारानं जसा देला तसाच हाय."

भाऊजींनी लॅपटॉप मागवला. स्टेजच्या बाजूला वाजंत्रीवाल्यांचं टेबल होतं, ते रिकामं करवलं. वाजंत्रीवाले उभे राहिले. स्क्रीनवाल्याचा आणि स्वतःचा असे दोन्ही पेनड्राइव्ह एकाच वेळी लॅपटॉपला लावले आणि नवरीच्या मामांना बोलावून समजावून सांगू लागले. याच्यात टेबल आहे, याच्यात नाही, आणि जगात विनाकारण किती गोष्टी असतात. नवरीचे मामा कापसाचे दलाल. ते हात मागे बांधून शांतपणे ऐकत होते. असं शांतपणे ते समोरच्याचा माल बघतात, एवढं मला ठाऊक होतं.

"आता मी माझा ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करतो," भाऊजी म्हणाले. "टेबलाशिवाय. व्हिडिओ लॅपटॉपवरून पुन्हा टाकतो. आणि मग बघू हा बॉक्स कसा वाचत नाही."

काळ्या पडद्यावर त्यांनी ओळ टाइप केली. त्या ओळीत पेनड्राइव्ह ओळखायला एक अक्षर लिहावं लागतं. एका पेनड्राइव्हला एक अक्षर, दुसऱ्याला पुढचं. भाऊजी टाइप करताना मामांकडे बघत होते. बोटं चालू, तोंड चालू, आणि नजर मामांवर. टक्कन एंटर दाबलं. मग व्हिडिओ टाकला, आणि एक पेनड्राइव्ह उपसून स्क्रीनवाल्याच्या हातात दिला.

"लाव."

त्याने लावला. स्क्रीन काळी. भाऊजी दुसरा काढून म्हणाले, "मग हा लाव." तोही काळा.

स्क्रीनवाला दोन्ही पेनड्राइव्ह हातात धरून बघत राहिला. एकाला त्याने ओळखीसाठी लाल दोरा बांधलेला होता. "साहेब," तो म्हणाला, "माहे हंस कुठी गेले?"

पहिल्यांदा आम्ही हसलो. हो, मीसुद्धा. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू थांबलं.

"साहेब, त्याच्यात या सीझनच्या लग्नाची सारी शूटिंग होती. कॅमेऱ्याचे कार्ड मी खाली करून टाकले. एडिटिंग व्हायची हाय अजून. साहेब, क्या किया आपने?"

आता यालाही मी सोडणार नाही. लोकांच्या घरच्या लग्नांचं शूटिंग एका पेनड्राइव्हमध्ये ठेवायचं, दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, आणि वर त्यालाच दोरा बांधून गावोगाव हंस दाखवत हिंडायचं. याला गबाळेपणाचं बक्षीस द्यायला हवं होतं. पण तो निदान रडवेला तरी झाला होता. भाऊजी काय म्हणाले?

"तुझ्या ड्राइव्हमध्ये आधीपासूनच बिघाड असणार. पार्टिशन टेबल असलं की असंच होतं."

आणि तो दोरा बांधलेला पेनड्राइव्ह पुन्हा लॅपटॉपला लावायला त्यांनी हात पुढे केला.

"भाऊजी, हात लावू नका त्याले," मी म्हणाले.

कार्यालयात एकदम शांतता झाली असं काही मी म्हणणार नाही. पंगत बसली होती, वाढपी ओरडत होते. पण आमच्या घरच्या माणसांना ते ऐकू गेलं. आईने पदराने तोंड झाकलं. मी दोरा बांधलेला पेनड्राइव्ह स्क्रीनवाल्याच्या हातातून घेतला आणि पर्समध्ये टाकला. आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी कधीतरी सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं, की पुसलं गेलेलं बहुतेक परत मिळतं, फक्त त्यावर नवीन काही लिहायचं नाही. भाऊजींनी एकदा तर लिहिलंच होतं. त्यांचा नावासकट अख्खा व्हिडिओ त्याच्यावर जाऊन बसला होता.

भाऊजी म्हणाले, "तुला त्यातलं—"

"नाई कळत," मी म्हणाले. "म्हणूनच हात नाई लावून राह्यली मी."

नवरीचे मामा हात सोडून जेवायला निघाले. जाता जाता बाबांना म्हणाले, "जवाई हुशार हायेत तुमचे. मोकळ्या हातानं पडदा धुऊन काढला." आमच्या भावाचा व्हिडिओ त्या दिवशी कोणीच बघितला नाही. काळ्या स्क्रीनसमोर नवरा-नवरीने सगळ्यांसोबत फोटो काढले, आणि ते फोटो बरे आले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी परीक्षेचं कारण सांगून नागपूरला गेले. ताई गेली नाही. "मी येते मागून," म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाऊजी गेले आणि ती मागे राहिली, असं माहेरी पहिल्यांदाच घडत होतं. आईने विचारलं, "काहून व?" ताई म्हणाली, "काम हाय."

आम्ही दोघी बसने यवतमाळला गेलो. तिथे पुसलेला डेटा काढून देणारं एक दुकान होतं. दुकानदार मोबाईलवर गेम खेळता खेळता आमचं ऐकत होता. ऐकून झाल्यावर जांभई देत म्हणाला, वरवरचं फॉरमॅट झालंय, खालचा माल बहुतेक जागेवरच असणार, पण फाइलींची नावं परत येणार नाहीत. पार्टिशन टेबलचंही त्यानेच सांगितलं, तेही सगळं गेमवरची नजर न काढता. आणि नव्याने जिथे लिहिलंय तिथलं जुनं गेलंच समजा, म्हणाला.

बऱ्याच वेळाने त्याने एक भला मोठा फोल्डर काढून दिला. नुसते आकडे. कोणाचं लग्न, कोणाची हळद, कुठल्या गावचं, काही पत्ता नाही. तुकडे तुकडे, आणि तेही उलटसुलट.

मग आम्ही पुसदला जाऊ लागलो. माझी शाळा सकाळची, सुटली की ताई बसस्टँडवर उभी असायची. स्क्रीनवाल्याची खोली गॅरेजच्या वर. खाली हातोड्या पडत आणि वर आम्ही तिघं अनोळखी लोकांची लग्नं बघत बसायचो. स्क्रीनवाल्याची आई चहा पाठवायची. वर येऊन बघायची आणि म्हणायची, "किसकी शादी है?" तो म्हणायचा, "वही तो ढूंढ रहे, अम्मी." मग तीही थोडा वेळ बसायची.

स्क्रीनवाल्याला स्वतःनेच शूट केलेलं ओळखू येईना. त्याला सगळे नवरदेव सारखे. मी गणितवाली, फाइलींच्या आकारावरून आणि क्रमावरून काही लागतं का ते बघत बसले आणि फार काही लागलं नाही. काम केलं ते ताईने. तिने एकदा बघितलेला चेहरा तिच्या लक्षात राहतो. चेहराच काय, साडीचा काठसुद्धा.

"थांब थांब. मागं घे. हे बाई पाह्य, मोरपंखी साडीवाली. काल पाह्यलेल्या त्या हळदीत होती का नाई? तवा तिनं नाकात मोठी नथ घातली होती, आता काढून ठेवली. म्हणजे हे त्याच घरचं लग्न हाय."

"पण मांडव तं दुसरा दिसते," मी म्हणायचे.

"मांडव कायले पाहते? मांडव भाड्याचा असते. बाई घरची हाय."

तिने बँडवाल्यांच्या कोटांवरून लग्नं वेगळी केली, मग एकच बँड दोन लग्नांत निघाला तर आचाऱ्यांवरून केली. तांड्यावरचं एक लग्न होतं, तिथल्या बायकांच्या ओढण्यांवरची आरशांची नक्षी बघून तिने तीन तुकडे एकत्र लावले. एका नवरीने मंगलाष्टकं चालू असताना एवढी मोठी जांभई दिली की आम्ही ती पुन्हा पुन्हा लावून बघितली. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मला आठवेना की तिला असं हसताना शेवटचं कधी बघितलं होतं.

एकदा परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलंच. "ताई, तू कशी ऐकून घेते गं सारं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "ऐकतच नाई मी. घरात पंखा चालू असते, त्याचा आवाज तुले ऐकू येते का?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण पंख्यानं दुसऱ्याच्या घरचं उडवून देलं, तं मंग बटन बंद करा लागते."

शेवटी सगळी लग्नं लागली. एक सोडून. पांढरकवड्याजवळच्या एका गावातल्या घरचं लग्न होतं. लग्नाचा दिवस पूर्ण मिळाला, पण हळद मिळाली नाही. जिथे ती होती, नेमक्या तिथेच भाऊजींचा व्हिडिओ जाऊन बसला होता. त्या जागी आता आमच्या भावाचं बारसं निघत होतं.

स्क्रीनवाल्याने फोन करून सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा घाबरला. मग त्याने आम्हाला खरं कारण सांगितलं. नवरीचा बाप ट्रक चालवतो. हैदराबादकडे माल घेऊन गेला होता, रस्त्यात ट्रक बंद पडला, आणि पोरीच्या हळदीला तो पोचलाच नाही. लग्नाच्या सकाळी घरी आला. आल्या आल्या स्क्रीनवाल्याला म्हणाला होता, "मले हळद दाखवजो बावा. बाकी काही नाई दाखवलं तं चालन."

ताईने तिथेच बसून नागपूरला फोन लावला. "शनिवारी या. पांढरकवड्याले जायचं हाय." पलीकडून बरंच काही बोलणं झालं. ताई म्हणाली, "थे मले नाई माहीत. तुमी या."

भाऊजी आले. माफी मागायला आले असा कोणाचा समज होऊ नये. त्यांना वाटलं, आपल्याला समजावून सांगायला बोलावलंय. वाटेत, महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेमागे आमची गाडी सरकत असताना, ते स्क्रीनवाल्याला त्याचा बॉक्स कसा निकृष्ट आहे ते सांगत होते. तो मागच्या सीटवर दोन्ही हात मांडीत घेऊन बसला होता.

घर रस्त्यापासून थोडं आत होतं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, पाणी आलं. नवरीचा बाप सुट्टीवर होता. उंच, खांद्यात जरा वाकलेला माणूस. त्याची बायको आणि बहीण दारात उभ्या राहिल्या. स्क्रीनवाला नुसता पाण्याचा ग्लास फिरवत बसला, तेव्हा भाऊजींनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. पेनड्राइव्ह म्हणजे काय. त्यात मेमरी कशी असते. पार्टिशन टेबल म्हणजे काय आणि ते का नसलं तरी चालतं. त्यांनी खोलीचं आणि नकाशाचंही सांगितलं, आणि त्या अंगणात एकटे हसले.

नवरीचा बाप मन लावून ऐकत होता. त्याला वाटत होतं यातून पुढे काहीतरी चांगलं निघेल. भाऊजी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे साहेब, त्या टेबलात आमची हळद हाय का?"

"नाही, टेबलात नाही. तुमची हळद, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर—"

"हळद गेली, भाऊ," ताई म्हणाली. खुर्चीतून उठून उभी राहिली आणि म्हणाली. "पुसली गेली. हे माहे मालक, यायच्या हातानं पुसली. चूक यायची हाय, या पोराची नाई. बाकीचं लग्न आम्ही आणलं हाय, पण हळद नाई येत परत. मी तुमच्या पाया पडते."

"अवो, पाया कायले पडता," तो माणूस एकदम मागे सरकला. मग खाली बघत बसला.   भाऊजींचा चेहरा लाल झाला होता, पण तो पश्चात्तापाचा लाल नव्हता. त्यांचं वाक्य मध्येच तोडलं म्हणून होता.

मग दारातून त्याची बायको म्हणाली, "रडत होती तुमची पोरगी हळदीत. बाबा कुठी हायेत, बाबा कुठी हायेत, लावलं होतं नुसतं."

"खोटं नोको सांगू वहिनी," बहीण म्हणाली. "रडत कुठी होती? पह्यली हळद मी लावली, तं माह्याच तोंडाले फासली तिनं."

"थे मंग. आधी रडली."

"आधी तं भूक लागली म्हणे. पोहे खाल्ले तिनं बशीभर, हळदीच्या हातानं."

नवरीचा बाप मान वर करून एकीकडून दुसरीकडे बघू लागला. "पोहे खाल्ले?" तो म्हणाला. "उपास नव्हता का?" आणि मग त्या दोघी अंगणातच बसल्या आणि सांगू लागल्या. एक सांगे, दुसरी खोडून काढी. कोणत्या मावशीने कोणतं गाणं म्हटलं, पाट कसा मोडला, शेजारची म्हातारी नाचता नाचता कशी बसून गेली. सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं. तो माणूस ऐकत होता, मध्येच विचारत होता, एकदा मोठ्याने हसला आणि मग गमछ्याने डोळे पुसले. ताई त्यांच्याजवळच खाली बसली होती. लग्नाच्या व्हिडिओत बघितलेल्या बायकांना ती आता घरच्यासारखं ओळखत होती. मध्येच विचारी, "थे लाल शालूवाली का?" आणि त्या म्हणत, "हो, थेच!"

तेवढ्यात भाऊजींनी खिशातून नवा पेनड्राइव्ह काढला. लग्नाचा बाकीचा व्हिडिओ यात भरून देतो, म्हणाले. तुमच्या टीव्हीला चालेल असा. मी आधी व्यवस्थित फॉरमॅट करतो.

ताईने बसल्या बसल्या हात वर केला, तो पेनड्राइव्ह त्यांच्या बोटांतून काढून घेतला आणि स्क्रीनवाल्याला दिला. "तू भरून दे. दुकानदारानं देला तसाच राहू दे." त्याने दिला. तो त्या घरच्या टीव्हीवर पहिल्याच झटक्यात लागला, आणि जाताना आम्हाला चहा घ्यावाच लागला.

परतीच्या वाटेवर भाऊजी म्हणाले की त्या लोकांना मूळ मुद्दा समजलाच नाही.  ताई पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसली होती, आणि पुसदचा फाटा येईपर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही. मग वळली ती स्क्रीनवाल्याला विचारायला, की पुढच्या सीझनला लग्नांचे तुकडे लावायला माणूस लागते का. तो म्हणाला, लागते. आता ती पुसदहून नागपूरला फाइली मागवून घेते आणि घरबसल्या लग्नं लावते. स्वतःच्या वेगळ्या लॅपटॉपवर. तो विंडोजचा आहे.

भाऊजी बदलले का? छे. अशी माणसं बदलत नाहीत, ती फक्त पुढच्या पाहुण्याला गाठतात. परवा एका नात्यातल्या लग्नात तोच स्क्रीनवाला होता. आता तो शूटिंग दोन ठिकाणी ठेवतो, आणि बॉक्सच्या वर त्याने एक पाटी लावली आहे: 'पाहुण्यांनी मशीनला हात लावू नये.' भाऊजींनी ती पाटी दोनदा वाचली, माझ्याकडे वळून बघितलं, आणि मोठ्याने, सावकाश म्हणाले, "बरोबर केलंय याने. लोकांना काही कळत नाही, आणि उगाच हात लावतात."